समाधीच्या वाटेवरचा दगडी दरबार

मेलेल्या माणसाला निरोप देण्याच्या रीति देशोदेशीं निराळ्या आहेत. आपल्याकडे बहुतेक घरांत देह अग्नीच्या स्वाधीन करतात, अस्थि नदींत सोडतात, आणि मागें उरते ती श्राद्धाच्या दिवशींची आठवण. प्राचीन चिनी लोकांचा विचार याहून वेगळा होता. मृताला जमिनीखालीं घर हवें आणि त्या घराकडे जाणारी एक वाटहि हवी, असें त्यांना वाटे. राजांच्या आणि मोठ्या अधिकाऱ्यांच्या थडग्यांपुढें त्यांनीं जी रुंद वाट आंखली, तिला चिनी भाषेंत ‘शेन-ताओ’ म्हणतात. ‘शेन’ म्हणजे आत्मा आणि ‘ताओ’ म्हणजे मार्ग. आपण तिला आत्मपथ म्हणूं. या आत्मपथाच्या दोहों बाजूंना दगडाचे सिंह, उंट, हत्ती, घोडे, सेनापति आणि अमात्य जोडीजोडीनें समोरासमोर उभे असतात. त्यांच्याविषयीं आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

हे पुतळे समाधीचे पहारेकरी आहेत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाहीं. वाघाचें किंवा पंख असलेल्या विचित्र श्वापदाचें रूप पाहून भुतेंखेतें दूर पळतात, ही कल्पना चिनी लोकांत फार जुनी आहे. परंतु ही समजूत अपुरी आहे. नुसतें प्रेतच राखावयाचें असतें, तर भुयार खोल खणून आणि दार दडवून तें काम अधिक चांगलें साधलें असतें. उघड्या मैदानांत मैलभर दिसेल अशी दगडी रांग उभी करण्यांत दुसरा हेतु असला पाहिजे. तो हेतु ध्यानांत आला म्हणजे हे मुके दगड बोलूं लागतात, आणि त्यांचें बोलणें कितपत खरें मानावें हाहि प्रश्न आपल्यापुढें उभा राहतो.

आरंभ हान घराण्यापासून करूं. सम्राट वू याच्या कारकीर्दींत चीनच्या उत्तर सरहद्दीवर श्युंगनू नांवाच्या घोडेस्वार टोळ्यांचा मोठा उपद्रव होता. त्यांच्यावर पाठविलेल्या सेनापतींत हो छू-पिंग हा अगदीं कोवळ्या वयाचा होता. इ. स. पूर्वीं १२१ मध्यें त्यानें छीलिएन पर्वताच्या पायथ्याचा, पश्चिमेकडे जाण्याचा चिंचोळा प्रदेश जिंकला, आणि इ. स. पूर्वीं ११७ मध्यें, चिनी गणनेप्रमाणें अवघ्या चोविसाव्या वर्षीं, तो वारला. सम्राटानें आपल्या स्वतःच्या समाधीजवळ, आजच्या शेन्सी प्रांतांत, त्याचें थडगें बांधविलें आणि त्यावरील टेकाडाला त्या जिंकलेल्या पर्वताचा आकार दिला. टेकाडावर ठिकठिकाणीं दगडाचीं जनावरें ठेविलीं होतीं. बसलेला बैल, दबा धरलेला वाघ, उठूं पाहणारा घोडा, अशीं तीं आहेत. मूळच्या शिळेंतच जनावराचा आकार हेरून पाथरवटानें तिच्यावर जरुरीपुरतेच घाव घातले आहेत. त्यांतील एक शिल्प सर्वांत प्रसिद्ध आहे. एक घोडा शांतपणें उभा आहे आणि त्याच्या पोटाखालीं एक दाढीवाला श्युंगनू योद्धा उताणा पडला आहे; त्याच्या हातांत अद्याप धनुष्य आहे. इ. स. १९१४ मध्यें व्हिक्तोर सेगालेन या फ्रेंच प्रवाशानें हें शिल्प पाहिलें, आणि त्याच्या लेखनानें तें पाश्चात्य पंडितांना ठाऊक झालें.

येथें रांग नाहीं, वाट नाहीं. पण पुढें जें घडावयाचें त्याचें बीज आहे. मृत सेनापतीचा विजय त्याच्या थडग्यावर कायमचा कोरला गेला, आणि जो हरला तोहि कायमचा हरलेलाच राहिला.

यानंतर पावणेदोनशें वर्षांनीं एक महत्त्वाचा फेरबदल झाला. उत्तरकालीन हान घराण्याचा संस्थापक क्वांग-वू हा इ. स. ५७ मध्यें वारला. दुसऱ्या वर्षीं त्याचा मुलगा सम्राट मिंग यानें नव्या वर्षाचा दरबार राजवाड्यांत न भरवितां बापाच्या समाधीपुढें भरविला. अमात्य, सरदार आणि परदेशांचे वकील तेथें जमले आणि मृत सम्राटाला त्यांनीं यथाक्रम वंदन केलें. समाधि ही एकांताची जागा होती, ती आतां दरबाराची जागा झाली. दरबार म्हटला कीं रस्ता हवा, दोन्ही बाजूंना मानकरी हवेत. जिवंत मानकरी सण संपल्यावर घरीं जातात. दगडाचे मात्र बारा महिने हजर राहतात. आत्मपथाचें मर्म यांतच आहे, असें मला वाटतें.

सम्राटानें केलें तें सरदारांनीं केलें, आणि सरदारांनीं केलें तें तालुक्याच्या अंमलदारांनींहि केलें. शानतुंग प्रांतांत वू नांवाच्या एका घराण्याचें स्मशान आहे. तेथें प्रवेशाशीं दगडी मनोऱ्यांची एक जोडी आणि सिंहांची एक जोडी आहे. मनोऱ्यावरील लेख इ. स. १४७ चा आहे. चौघा भावांनीं हें काम करविलें. मंग फू आणि ली ती-माओ या पाथरवटांनीं मनोरे उभारले, त्यांना १,५०,००० नाणीं पडलीं. सुन त्सुंग यानें सिंह घडविले, त्यांना ४०,००० नाणीं पडलीं, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. शिल्पकारांचीं नांवें आणि खर्चाचा आंकडा दगडावर कोरलेला सांपडणें ही दुर्मिळ गोष्ट आहे. परंतु येथें पुतळ्यांचा दुसरा हेतुहि उघडा पडतो. मुलांनीं बापासाठीं किती द्रव्य वेचलें, हें वाटसरूला कळावें अशी ही तजवीज आहे. त्याच शतकांतला वांग फू नांवाचा लेखक या रीतीवर तुटून पडला आहे. आईबाप जिवंत असतां हात आंखडावयाचा आणि ते मेल्यावर थडग्यावर पैसा उधळावयाचा, ही कसली पितृभक्ति, असा त्याचा सवाल होता.

सरकारलाहि ही चैन पुढें डोईजड झाली. इ. स. २०५ मध्यें छाओ छाओ या सेनाधिपतीनें थाटाच्या उत्तरक्रियेवर आणि शिलालेखांवर बंदी घातली. इ. स. २७८ मध्यें चिन घराण्याच्या सम्राट वू यानें दगडी श्वापदांना आणि स्तंभांनाहि मनाई केली. यांपासून खोटी स्तुति वाढते, पैसा नासतो आणि लोकांना त्रास होतो, असें कारण त्याच्या आज्ञापत्रांत दिलें आहे. म्हणजे हे दगड खोटें बोलूं शकतात, ही गोष्ट खुद्द चिनी राज्यकर्त्यांनीं सतराशें वर्षांपूर्वीं ओळखली होती.

सिंहाचा उल्लेख मघाशीं आला. चीनमध्यें सिंह हा प्राणी नाहीं. पहिल्या शतकांत पश्चिमेकडील राज्यांनीं हान दरबाराला नजराणा म्हणून सिंह पाठविले, आणि त्यापुढें बौद्ध धर्माबरोबर हिंदुस्थानांतील सिंहाची प्रतिमाहि तेथें गेली. ज्यांनीं आयुष्यांत सिंह पाहिला नाहीं अशा पाथरवटांनीं तो घडविला. म्हणून चिनी सिंह कधीं कुत्र्यासारखा तर कधीं वाघासारखा दिसतो, यांत नवल नाहीं. दक्षिणेकडे नानजिंग शहराच्या आसपास इ. स. च्या पांचव्या आणि सहाव्या शतकांतील राजवंशांच्या समाधि आहेत. तेथील सिंह व शिंगें असलेलीं काल्पनिक श्वापदें पंखयुक्त असून छाती पुढें काढून, जबडा वासून उभीं आहेत. आज त्यांपैकीं कित्येक भाताच्या शेतांच्या कडेला दिसतात.

त्याच परिसरांत ल्यांग घराण्यांतील श्याओ चिंग या राजपुरुषाच्या समाधीचा एक स्तंभ आहे. हा गृहस्थ इ. स. ५२३ मध्यें वारला. स्तंभावर उभ्या पन्हळी आहेत, माथ्यावर कमळाच्या पाकळ्यांचें झांकण आहे, आणि त्यावर एक लहानसें श्वापद उभें आहे. सारनाथचा अशोकस्तंभ ज्यानें पाहिला आहे, त्याला कमळ आणि सिंह यांची ही जोडी परकी वाटणार नाहीं. ल्यांग सम्राट मोठा बौद्ध उपासक होता, हेंहि येथें लक्षांत ठेवावें. जवळच तान्यांग येथें त्या सम्राटाच्या वडिलांची समाधि आहे. तिच्यापुढील दोन स्तंभांवर एकच लेख आहे. परंतु एकावर अक्षरें सरळ, तर दुसऱ्यावर तींच आरशांत पाहिल्याप्रमाणें उलट कोरलेलीं आहेत. जिवंत माणूस अलीकडून वाचतो आणि मृतात्मा पलीकडून वाचतो, असा या उलट लेखाचा अर्थ एका अभ्यासकानें लाविला आहे. तो मान्य केला, तर आत्मपथाला दोन प्रकारचे वाचक होते असें ठरतें.

आतां तांग घराण्याकडे वळूं. या काळांत आत्मपथाचे नियम ठरले. तिसऱ्या श्रेणीच्या आणि त्यावरील अधिकाऱ्याच्या थडग्यापुढें सहा दगडी आकृति, पांचव्या श्रेणीपर्यंतच्या अधिकाऱ्यापुढें चार, असें प्रमाण कायद्यानें बांधून दिलें. सम्राटाच्या समाधीला अर्थात् मर्यादा नव्हती.

या घराण्याचा दुसरा सम्राट ताइ-त्सुंग हा इ. स. ६४९ मध्यें वारला. राजधानी चांग-आन, म्हणजे आजचें शिआन शहर; त्याच्या वायव्येस एका डोंगराच्या पोटांत त्याची समाधि आहे. तिला चाओलिंग म्हणतात. राज्य मिळवितांना ज्या सहा घोड्यांवर बसून तो लढला, त्यांचीं उठावाचीं शिल्पें त्यानें हयातींतच करविलीं. एका शिल्पांत घोड्याच्या छातींत बाण रुतला आहे, एक सेनापति तो उपटून काढीत आहे, आणि घोडा मान खालीं घालून तें दुःख सोशीत आहे. असा हळुवार प्रसंग समाधिशिल्पांत क्वचितच पाहावयास मिळतो. दुर्दैवानें या सहांपैकीं दोन शिल्पें, हें बाणाचें धरून, विसाव्या शतकाच्या आरंभीं तुकडे करून देशाबाहेर विकलीं गेलीं. तीं आज अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील विद्यापीठाच्या संग्रहालयांत आहेत. उरलेलीं चार शिआनमध्यें आहेत.

याच समाधीच्या उत्तर दरवाजाशीं चौदा पुतळे होते. ताइ-त्सुंगच्या कारकीर्दींत जे परकी राजे शरण आले किंवा पकडले गेले, त्यांचे ते पुतळे. त्याच्या मुलानें, सम्राट काओ-त्सुंग यानें, ते उभारले. त्यांत तुर्क होते, मध्य आशियांतील राजे होते, तिबेटचा प्रख्यात राजा स्रोंग-त्सान-गाम्पो होता, आणि एक हिंदी मनुष्यहि होता. त्याच्या पुतळ्याची बैठक सांपडली असून तिच्यावर ‘पोलोमन’, म्हणजे ब्राह्मणांच्या देशांतील, राजा ‘अलोनाशुन’ असें कोरलेलें आहे.

हा कोण? चिनी इतिहासग्रंथांतली हकीगत अशी आहे. कनोजचा सम्राट हर्षवर्धन याच्याकडे चीनहून वांग श्वेन-त्से नांवाचा वकील निघाला. तो पोहोंचतो तों इ. स. ६४७ च्या सुमारास हर्ष वारला होता, आणि त्याच्या एका अमात्यानें गादी बळकाविली होती. या अमात्यानें वकिलाच्या लोकांवर हल्ला करून त्यांना पकडलें. वांग निसटून तिबेटांत गेला. तेथून १,२०० तिबेटी शिपाई आणि नेपाळांतून ७,००० घोडेस्वार घेऊन परतला. तीन दिवसांच्या लढाईनंतर त्यानें शत्रूचा पराभव केला, आणि इ. स. ६४८ मध्यें त्या अमात्याला कैद करून चांग-आनला नेलें. हाच अलोनाशुन. त्याचें मूळ नांव अर्जुन असावें असें कोणी म्हणतात, अरुणाश्व असावें असें कोणी म्हणतात. त्याचें राज्य तिरहुताकडे होतें असा पुष्कळांचा तर्क आहे.

आमच्या शाळांतून हर्षाचें राज्य शिकवितांना हा प्रसंग बहुधा गाळला जातो, आणि त्याचें कारणहि आहे. बाणभट्टाचें हर्षचरित हर्षाच्या मृत्यूपर्यंत पोहोंचत नाहीं. या लढाईविषयीं हिंदुस्थानांतील कोणत्याहि लेखांत अक्षर नाहीं. आहे ती जेत्याची बखर आणि जेत्याचा दगड. हरलेल्याची बाजू मांडावयाला कोणी उरला नाहीं. त्यानें वकिलावर हल्ला कां केला, तो खरोखर बंडखोर होता कीं धन्याच्या पश्चात् विस्कटलेलें राज्य सांवरूं पाहत होता, हें त्या बैठकीवरून समजत नाहीं.

याच्या शेजारीं आपल्याकडील एक उदाहरण ठेवून पाहूं. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी यानें हर्षाला नर्मदेच्या बाजूला रोखलें, ही गोष्ट ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखांत आहे. तो लेखहि जेत्याचाच. पुलकेशीच्या आश्रयास असलेल्या रविकीर्ति कवीनें तो रचला. परंतु तेथें आपल्याला एक तिऱ्हाईत साक्षीदार मिळतो. ह्युएन-त्संग हा चिनी भिक्षु महाराष्ट्रांत येऊन गेला होता, आणि हर्षाला हा देश जिंकतां आला नाहीं असें त्यानें लिहून ठेविलें आहे. योगायोग असा कीं, ह्युएन-त्संगनें इ. स. ६४५ मध्यें परतल्यावर आपला वृत्तांत तयार केला तो याच ताइ-त्सुंग सम्राटाच्या आज्ञेवरून. म्हणजे ज्या दरबारानें महाराष्ट्राविषयींची निःपक्षपाती साक्ष जपली, त्याच दरबारानें तिरहुताच्या एका कैद्याला दगडांत उभें करून ठेविलें. दोन्ही दगडी लेखच; पण एकाला दुजोरा आहे आणि दुसऱ्याला नाहीं. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें हा भेद सोडतां कामा नये.

काओ-त्सुंगची स्वतःची समाधि छ्येनलिंग येथें आहे. त्याची राणी वू ही पुढें स्वतः सिंहासनावर बसली. चीनच्या इतिहासांत स्वतःच्या नांवानें राज्य करणारी ती एकटीच सम्राज्ञी. तीहि तेथेंच पुरलेली आहे. आत्मपथावर पंखांचे घोडे, शहामृग, मोतद्दारांसह खोगीर घातलेले घोडे आणि तरवारी टेंकून उभे असलेले दहा जोड्या पुरुष आहेत. पुढें दरवाजाशीं ६१ परकी पाहुणे छातीशीं हात जोडून उभे आहेत. ते आपापल्या देशांच्या वेषांत आहेत, आणि त्यांच्या पाठीवर त्यांचीं नांवें कोरलेलीं होतीं. आज त्यांतील थोडींच वाचतां येतात. त्यांपैकीं जवळजवळ सर्वांचीं डोकीं गेलेलीं आहेत. इ. स. १५५६ च्या शेन्सी प्रांतांतील भयंकर भूकंपाला कोणी दोष देतात, कोणी माणसांच्या हातांना. राणीच्या नांवाचा म्हणून ओळखला जाणारा भव्य शिलास्तंभ कोराच उभा केला गेला. सम्राज्ञीनें नम्रतेनें तो कोरा ठेविला, कीं तिच्या मागून आलेल्यांना काय लिहावें हें सुचलें नाहीं, यावर आजहि वाद चालतो. मोकळी जागा पाहून पुढील शतकांतल्या लोकांनीं त्यावर आपापले लेख कोरले, त्यांत इ. स. ११३४ चा एक लेख खितान लिपींत आहे, आणि शेजारीं त्याचें चिनी रूप असल्यामुळें ती विसरलेली लिपि उलगडण्याच्या कामीं त्याचा उपयोग झाला. दगड ज्यासाठीं उभारला त्यासाठीं निरुपयोगी ठरला, आणि ज्याची कोणी कल्पना केली नव्हती त्या कामाला आला.

आत्मपथाचें सर्वांत परिचित रूप मिंग घराण्याचें. बीजिंगच्या उत्तरेस या घराण्यांतील तेरा सम्राटांच्या समाधि आहेत, आणि त्यांना जोडणाऱ्या मार्गावर इ. स. १४३५ च्या सुमारास उभारलेलीं २४ जनावरें आणि १२ माणसें आहेत. प्रत्येक जातीच्या जनावरांची एक जोडी उभी आणि एक जोडी बसलेली आहे. मध्यरात्रीं तीं पहारा बदलतात, अशी लोककथा आहे. घराण्याचा संस्थापक हुंग-वू इ. स. १३९८ मध्यें वारला. त्याची समाधि नानजिंगला आहे. तेथील वाट सरळ न जातां एका टेकडीला वळसा घालते. या दोन्ही ठिकाणांचा इ. स. २००३ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला.

हुंग-वूचा मुलगा युंग-लो यानें पुतण्याचें राज्य बळकावून गादी मिळविली होती. आपण पित्याचे खरे वारस आहों हें जगाला पटवून देण्यासाठीं त्यानें इ. स. १४०५ मध्यें, बापाच्या समाधीपुढें जगांत कोठेंहि नसेल एवढा शिलास्तंभ उभारण्याचा हुकूम सोडला. नानजिंगजवळ यांगशान डोंगरांत पाथरवटांनीं तो कापावयास घेतला. एकट्या मधल्या शिळेची लांबी सुमारें ४९ मीटर आहे. ती हलवितां येणें शक्यच नव्हतें. काम सोडून द्यावें लागलें, आणि इ. स. १४१३ मध्यें समाधीशीं एक लहान स्तंभ उभा करण्यांत आला. ते प्रचंड धोंडे आजहि डोंगराला चिकटलेले आहेत. जवळच्या गांवाच्या नांवाचा अर्थच ‘थडगें’ असा असून, या कामांत मेलेले मजूर तेथें पुरले आहेत अशी आख्यायिका आहे. बादशहाच्या पितृभक्तीचें प्रमाणपत्र अपुरें राहिलें. मजुरांच्या कष्टांची खूण मात्र गांवाच्या नांवांत राहून गेली.

हे पहारेकरी आपलें काम कितपत करूं शकले? दहाव्या शतकाच्या आरंभीं तांग घराणें बुडाल्यावर वन ताओ नांवाच्या एका सुभेदारानें आपल्या मुलुखांतील तांग समाधि एकामागून एक उघडून लुटल्या. ताइ-त्सुंगची चाओलिंगहि त्यांत होती. चौदा राजे उत्तर दरवाजाशीं उभेच होते. सोनें गेलें, रेशीम गेलें. आणि पुढें त्या राजांचेहि तुकडे झाले.

तरी राहिलें तेंहि कमी नाहीं. शानतुंगच्या मनोऱ्यामुळें सुन त्सुंग या पाथरवटाचें नांव आणि त्याच्या कामाची किंमत आपल्याला माहीत आहे. त्याच्या काळच्या कितीतरी श्रीमंतांचें नांवहि आज कोणाला ठाऊक नाहीं. अलोनाशुनचा अपमान व्हावा म्हणून त्याचें नांव दगडावर घातलें, आणि त्याच दगडामुळें, ज्याची आठवण त्याच्या स्वतःच्या देशांत कोणीं ठेविली नाहीं असा हर्षोत्तर काळांतला एक हिंदी राजपुरुष आपल्याला भेटतो. त्याचा पुतळा गेला, चेहरा गेला. हातीं उरली ती बैठकीवरची थोडीं चिनी अक्षरें. तीं वाचावींत, पण वाचतांना तीं कोणी कोरविलीं हें विसरूं नये.